मदत हवी आहे: दुर्मीळ खोकडांना कुत्र्यांचे रोग लागू नयेत म्हणून लस नक्की कुणाला टोचायची?

नमस्कार मंडळी,

आमचं कुत्र्याचं चार महिन्यांचं पिल्लू डिस्टेंपर या विषाणूच्या रोगाने गेलं. आधी डोळ्यांतून चिकट पाणी, मग पंजांच्या गाद्या कडक झाल्या. शेवटचे दोन दिवस जबडा सारखा हलायचा, काहीतरी चघळत असल्यासारखा. लशीचा दुसरा डोस आमच्याकडून राहून गेला होता. तेव्हापासून या रोगावर मिळेल ते वाचते.

वाचताना कॅलिफोर्नियाजवळच्या सांता कॅटालिना बेटावरची खोकडं भेटली. मांजराएवढा जीव! १९९९ च्या सुमारास तिथे डिस्टेंपर शिरला आणि साधारण १,३०० खोकडांतली शंभरेकच उरली. तो विषाणू बहुधा बाहेरून आलेल्या रकून या रानटी प्राण्याबरोबर आला असं मानतात. पण चिलीत ‘डार्विनचं खोकड’ नावाच्या दुर्मीळ जातीच्या जंगलात पाळीव कुत्रीच मोकाट हिंडतात. रशियाच्या मेदनी बेटावर १९७० च्या दशकात कानातल्या खरजेने ध्रुवीय खोकडांची पिल्लंच्या पिल्लं मेली. ती खरूजही कुत्र्यांकडून आली असावी म्हणतात. हे वाचून झोप लागेना.

माझी अडचण अशी: कुत्र्यांची लस सरळ खोकडांनाच का टोचत नाहीत? आणि आसपासच्या सगळ्या कुत्र्यांना लस दिली तर पुरे का?

प्रतिसाद १
ताई, कुत्र्यांच्या नेहमीच्या लशीत डिस्टेंपरचा विषाणू जिवंतच असतो, फक्त दुबळा केलेला. कुत्र्याला तो सोसतो. पण करड्या खोकडाला त्याच लशीने डिस्टेंपर झाल्याची नोंद आहे, आणि कॅटालिनाची खोकडं त्याचीच जवळची भावंडं. म्हणून तिथे वेगळी लस वापरली. तिच्यात कॅनरी पक्ष्यांच्या देवीच्या विषाणूला डिस्टेंपरचा थोडासा जनुकीय भाग जोडलेला असतो, त्यामुळे तिच्यातून डिस्टेंपर होऊच शकत नाही. खोकडं पिंजऱ्यात धरायची, टोचायची, सोडून द्यायची. नवी पिल्लं आली की पुन्हा तेच.

कुत्र्यांना लस द्यायलाच हवी, पण तेवढ्याने भागत नाही. लस घेतलेलं कुत्रंही खरजेचे किडे अंगावर घेऊन जातं. खोकडांच्या रानात कुत्रं मोकळं सोडायचंच नाही.

धागाकर्ती
आता उलगडलं. साखळीने नेलेल्या कुत्र्याची विष्ठाही उचलून आणावी का?

प्रतिसाद १
हो, पिशवीत घालून परत आणा. पार्व्हो हा कुत्र्यांचा दुसरा विषाणू विष्ठेतूनच पसरतो आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो.