ख्रिस्ती माणूस ‘देवावर विश्वास आहे’ म्हणतो, तेव्हा नेमकं काय मानतो?

कऱ्हाकाठ

ऑफिसात, सोसायटीत ख्रिस्ती मंडळी असतात, नाताळात त्यांच्याकडचा फराळ आपण आवडीनं खातो. पण त्यांच्या देवाविषयी आपल्याकडे जे बोललं जातं ते बहुतेक ऐकीव. चार मतं तर हमखास कानावर येतात. एक, यांचे देव तीन. दोन, कॅथलिक स्वतः मूर्तीपुढे मेणबत्त्या लावतात आणि मूर्तिपूजेला नावं ठेवतात. तीन, हवं ते पाप करा, फादरपुढे कबूल केलं की मोकळे. चार, सगळे आमिषाने बाटलेले.

मला भांडण नको, माहिती हवी आहे. यातलं खरं किती? मराठीतून बायबल वाचायचं तर सुरुवात कुठून करावी? आणि ख्रिस्ती नसलेल्या माणसानं रविवारी चर्चमध्ये जाऊन बसलेलं चालतं का? देव न मानणाऱ्यांनीही जरूर लिहावं, फक्त विषय माहीत असेल तर.

नगरी

मी प्रोटेस्टंट बाजूनं लिहितो.

तीन देवांचं आधी. पुष्कळ चर्चमध्ये रविवारी सगळी मंडळी उभी राहून विश्वासांगिकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, म्हणतात. छोटा आहे तो प्रेषितांचा, मिनिटाभरात संपतो. मोठा निकेयाचा, त्याचा पाया इ.स. 325 च्या निकेया परिषदेत पडला आणि आजचं रूप 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडलं जातं. त्याची सुरुवातच ‘एकाच देवावर’ विश्वास असल्याचं सांगून होते. वाद होता तो येशूवरून. अरियस नावाचा अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू म्हणत होता की पुत्र हा देवानं निर्माण केलेला आहे, म्हणजे कितीही थोर असला तरी निर्मितीच. परिषदेनं ते नाकारलं आणि पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे असं ठरवलं. तत्त्व एक, व्यक्ती तीन: पिता, पुत्र, पवित्र आत्मा. हे डोक्यात बसायला अवघड आहे, आणि ते अवघड आहे हे ख्रिस्ती ईशज्ञानही मान्य करतं.

समजावून सांगताना लोक हमखास घसरतात ते इथे. पाणी, बर्फ आणि वाफ हा दाखला चर्चमध्येसुद्धा दिला जातो, पण त्यातून एकच देव तीन सोंगं घेतो असा अर्थ निघतो. सॅबेलियसचं हे मत तिसऱ्या शतकातच अमान्य झालं होतं. ब्रह्मा-विष्णू-महेशाशी तुलना केली तर उलटी चूक होते, तीन वेगळे देव डोळ्यापुढे येतात. यहोवाचे साक्षीदार हा पंथ हे त्रैक्य मानत नाही, म्हणून इतर चर्च त्यांना आपल्यात धरत नाहीत. त्यांची पुस्तिका वाचून सगळ्या ख्रिस्ती लोकांचं मत ठरवू नका.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की देव आहे हे नुसतं मान्य करणं म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा नव्हे. याकोबाच्या पत्रात (2:19) सरळ लिहिलंय की देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि कापतात. इथे विश्वास म्हणजे भरवसा. येशूच्या जगण्यात, क्रुसावरच्या मरणात आणि पुन्हा उठण्यात देवानं स्वतःला दाखवलं, आणि आता आपलं आयुष्य त्याच्या हवाली करायचं, असा तो भरवसा आहे. ‘देव मानतोस का?’ या प्रश्नाला ख्रिस्ती माणूस येशूबद्दल बोलायला लागतो तो विषय टाळण्यासाठी नाही. त्याचं उत्तरच ते आहे.

आता वाचनाचं. पहिल्या पानापासून सुरू करू नका. उत्पत्तीचे 50 अध्याय गोष्टींसारखे सरतात, निर्गमाचे पहिले वीस अध्यायही. पुढे 25 ते 31 आणि परत 35 ते 40 मध्ये उपासनेच्या तंबूची मापं, पडदे, आकडे, खांब येतात, मग लेवीयमध्ये अर्पणांचे नियम, आणि तिथे बहुतेकांचं पुस्तक मिटतं. त्याऐवजी असं वाचा:

मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे त्यानं सांगितलेली येशूची कथा, आधी. फक्त 16 अध्याय, दोन बैठकांत होतं. शेवटच्या अध्यायात 9 ते 20 या ओव्या कंसात किंवा टीप देऊन छापलेल्या दिसतील, कारण सर्वांत जुन्या हस्तलिखितांत त्या नाहीत. मग मत्तय 5 ते 7 हे डोंगरावरचं प्रवचन, लूकचा 15 वा अध्याय, आणि स्तोत्रं 22 व 23 लागोपाठ. क्रुसावर येशू ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस’ असं जे ओरडतो ती 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. हे कळल्याशिवाय तो प्रसंग अर्धाच कळतो. पौल या सुरुवातीच्या धर्मप्रसारकाची पत्रं शेवटी घ्या. रोमकरांस पत्र आधी हाती घेतलं तर नियमशास्त्र, सुंता, अब्राहाम हे संदर्भ लागत नाहीत आणि माणूस कंटाळतो.

प्रत घेताना पाहून घ्या: प्रोटेस्टंट बायबलात 66 पुस्तकं असतात, कॅथलिकांमध्ये 73. फरक सगळा जुन्या करारात, म्हणजे येशूच्या आधीच्या भागात आहे, नव्या कराराची 27 पुस्तकं दोघांची सारखीच.

वसईची_वाट

नगरींनी चांगलं मांडलंय. कॅथलिक बाजू मी सांगते.

मूर्तींबद्दलचा आक्षेप नवा नाही. खुद्द चर्चच्या आत त्यावरून आठव्या शतकात रणं माजली, प्रतिमा फोडल्या गेल्या, आणि 787 मध्ये निकेयाच्या दुसऱ्या परिषदेनं निकाल दिला की प्रतिमेला दिलेला मान जिची प्रतिमा आहे त्या व्यक्तीला पोचतो, आराधना मात्र फक्त देवाची. येशूची आई मारिया आणि संत यांच्याकडे ‘आमच्यासाठी देवाकडे विनंती कर’ असं मागतात. नमो मारिया या प्रार्थनेचा उत्तरार्ध ऐका, त्यात हेच आहे. प्रोटेस्टंटांना हे पटत नाही, त्यांच्या चर्चमध्ये बहुधा साधा क्रूसच दिसेल. दहा आज्ञांची मोजणीसुद्धा दोघांची वेगळी: बहुतेक प्रोटेस्टंट मूर्तीची आज्ञा दुसरी धरतात, आम्ही ती पहिलीत घेतो आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करतो. आणि आमच्यातलेच काही लोक नवसाच्या भरात ही सीमा ओलांडतात, मूर्तीलाच शक्ती आहे असं वागतात. चर्चची शिकवण ती नाही, फादर प्रवचनात हे सांगतातही.

कॅथलिक चर्चमध्ये आत गेल्यावर लोक एक गुडघा टेकतात ते कशापुढे, हे नीट पाहा. वेदीच्या मागे किंवा बाजूला एक लहान, कुलूपबंद कपाट असतं आणि जवळ दिवा सतत तेवत असतो. त्या कपाटात मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, अभिषेक केलेली भाकर ठेवलेली असते. भाकर म्हणजे गव्हाचं पीठ आणि पाणी, बस्स, यीस्टही नाही. पातळ, गोल, पांढरी चकती. अभिषेकानंतर ती खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते ही आमची श्रद्धा आहे, नुसती खूण नव्हे. गुडघा टेकतात तो तिच्यासाठी.

म्हणूनच पाहुण्यांसाठी एक नियम महत्त्वाचा आहे. चर्चमध्ये कुणीही येऊन बसावं, कुणी हटकणार नाही. पण लोक रांगेनं पुढे जाऊन भाकर घेतात तेव्हा जागेवरच थांबा. प्रसाद समजून हात पुढे करणं ही पाहुण्यांची नेहमीची चूक, आणि ती खिशात घालून घरी नेणं तर फारच दुखावणारं. कॅथलिक माणूससुद्धा घेण्याआधी तासभर काही खात नाही, आणि मनावर गंभीर पाप असेल तर आधी पापनिवेदन करतो. रविवारचा मिस्सा साधारण तासाभराचा असतो. पहिल्या भागात वाचनं आणि प्रवचन, दुसऱ्यात भाकर-द्राक्षारसाचा विधी. सगळे उभे राहिले की उभं राहा. गुडघ्यावर बसायचं नसेल तर शांत बसून राहिलात तरी चालतं. दानाची पिशवी फिरते, काही टाकलंच पाहिजे असं नाही.

‘कबूल केलं की मोकळे’ हे मत मात्र साफ चुकीचं आहे आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. पापनिवेदन, गोव्याकडे ज्याला कुमसार म्हणतात, त्याचे भाग आहेत: स्वतःची झडती, खरा पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, धर्मगुरूपुढे कबुली आणि प्रायश्चित्त. पश्चात्तापच नसेल तर धर्मगुरूनं क्षमेचे शब्द उच्चारले तरी ते लागू पडत नाहीत. चोरी केली असेल तर पैसे परत करावे लागतात, कुणाची बदनामी केली असेल तर ती भरून काढायचा प्रयत्न करावा लागतो. ऐकलेलं धर्मगुरू कुणालाही सांगू शकत नाही. जाणूनबुजून फोडलं तर तो आपोआप बहिष्कृत होतो. यातून पळवाट काढणारे असतात, पण तशी पळवाट काढणाऱ्याचं पापनिवेदनच खोटं ठरतं.

तर्कनिष्ठ

मी देव मानत नाही. तरी आमच्या बाजूचे लोक कच्चे मुद्दे घेऊन येतात तेव्हा वाईट वाटतं, म्हणून लिहितो.

‘येशू झालाच नाही’ हा मुद्दा सोडून द्या. पिलात हा रोमन अधिकारी इ.स. 26 ते 36 या काळात यहूदियात होता, त्याच्या अमलात येशूला मारलं गेलं हे ख्रिस्ती नसलेल्या टॅसिटस या रोमन इतिहासकारानंही लिहिलंय, आणि श्रद्धा नसलेले इतिहासकारही बहुतांशी हे मान्य करतात. खरा प्रश्न पुनरुत्थानाचा. पौलानं करिंथकरांस पहिल्या पत्रात (15:14) स्वतःच अट घालून दिली आहे: ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फोल आणि तुमचा विश्वासही फोल. मला ही अट प्रामाणिक वाटते, वाद कुठे घालायचा ते त्यानं दाखवून दिलंय. पत्र साधारण इ.स. 53 ते 55 चं, घटनेनंतर वीसेक वर्षांचं. त्यात दर्शन झालेल्यांची यादी आहे, पण तटस्थ साक्ष एकही नाही. माझ्या मते मेलेला माणूस उठला हे मानायला एवढा पुरावा फार तोकडा आहे. श्रद्धावान म्हणेल की देव असेल तर ते अशक्य नाही. म्हणजे सगळं पुन्हा देव आहे की नाही यावर येतं.

तिथे सर्वांत जड मुद्दा निरपराधांच्या दुःखाचा. तो बायबलातच आहे, ईयोबाच्या पुस्तकात. 42 अध्यायांपैकी पहिले दोन आणि शेवटचा वाचून लोक थांबतात आणि ‘सहन केलं, मग दुप्पट मिळालं’ एवढंच धरून बसतात. 3 ते 31 वाचा. ईयोब देवाला अक्षरशः जाब विचारतो, मित्र ‘तूच काही पाप केलं असशील’ म्हणतात, आणि शेवटी देव त्या मित्रांनाच चूक ठरवतो. 38 पासून देव बोलतो पण कारण काही देत नाही. मला ते उत्तर पुरत नाही. पण कुणाचं मूल गेल्यावर ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळं होणाऱ्या माणसानं हे पुस्तक वाचलेलं नसतं, मग तो ख्रिस्ती असो वा नसो.

आणि श्रद्धा न पटणं वेगळं, माणसांबद्दल आकस वेगळा. गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 ते 1812 चाललं, मध्ये चार वर्षं सोडली तर. ते क्रूर होतं, त्यावर जरूर बोला. त्याचा जाब सोसायटीतल्या शेजाऱ्याकडे मागू नका.

कऱ्हाकाठ

तिघांचेही आभार, एवढं नेमकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. चौथ्या मताबद्दल कुणी बोललं नाही. आणि जायचं तर नेमकं कधी जावं?

नगरी

आमिषाचं सरसकट खरं नाही आणि सरसकट खोटंही नाही. 1876 ते 78 च्या दुष्काळात मिशनच्या दाराशी भुकेली माणसं आली, त्यातली कितीतरी पुढे ख्रिस्ती झाली. आंध्रात ओंगोलच्या अमेरिकन बाप्टिस्ट मिशननं याच शंकेपोटी दुष्काळी काम चालू असताना बाप्तिस्मे, म्हणजे ख्रिस्ती होण्याचे संस्कार, थांबवून ठेवले होते. म्हणजे प्रश्न त्यांनाही टोचत होता. आमच्या जिल्ह्यात महार आणि मांग समाजातून मोठ्या संख्येनं लोक आले. पाणवठ्यावर आणि देवळात मज्जाव असलेल्या माणसाला शाळा आणि पंगतीत शेजारी जागा मिळाली, तर त्याला मी आमिष म्हणणार नाही. दुसरीकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांसारखे लोक, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तर घरदार, बायको, समाज सगळं तुटलं. लक्ष्मीबाई काही वर्षांनी परत आल्या, पण ते टिळकांना आधी कुठे माहीत होतं? त्यांची भजनं आजही मराठी उपासनेत पेटी-तबल्यावर म्हटली जातात.

स्वातंत्र्यानंतर तर हिशेब उलटा आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती झालेला दलित त्या सवलती गमावतो. आणि जात काही बाप्तिस्म्यानं धुऊन निघाली नाही, लग्न जुळवताना ती चर्चमध्येही डोकं वर काढते. आमच्या श्रद्धेवर टीका करायचीच असेल तर ती याच मुद्द्यावर करा, कारण तिथे आम्ही आमच्याच शुभवर्तमानाला खोटे पडतो.

वसईची_वाट

पहिल्यांदा जायला नाताळची मध्यरात्र नको. गर्दीत उभं राहायलाही जागा नसते, काही ऐकू येत नाही. शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडे) मिस्साच नसतो, दुपारी तीनच्या सुमाराला दुःखसहनाचा विधी असतो. तुमचा प्रश्न ‘नेमकं काय मानतात’ हा आहे, म्हणून ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्रीचा जागर गाठा.

अंधार पडल्यावर तो सुरू होतो, चर्चच्या बाहेर अग्नी पेटवून. त्यावर मोठी मेणबत्ती लावून आत नेतात, तिच्यावरून सगळ्यांच्या. मग जुन्या करारातली सात वाचनं आहेत. वेळेसाठी कमी करतात, पण निदान तीन घ्यावीच लागतात आणि त्यांत निर्गम 14, समुद्र ओलांडण्याचा प्रसंग, कधीच गाळत नाहीत. पुढे मोठ्या वयाच्या उमेदवारांचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) असेल तर तो होतो, आणि सगळी मंडळी पेटत्या मेणबत्त्या घेऊन उत्तरं देतात. आधी सैतानाला नाकारण्याचे प्रश्न, मग तीन श्रद्धेचे: पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास आहे का? नगरींनी सांगितलेला सगळा विश्वासांगिकार इथे प्रश्नोत्तरांत ऐकू येतो. तुम्ही उत्तर देऊ नका, नुसतं ऐका.

मराठी मिस्सा कोणत्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) आहे ते चर्चच्या फलकावर पाहून घ्या. वसईत मराठीच असतो, मुंबईत बऱ्याच ठिकाणी इंग्रजी. दोन ते अडीच तास धरून चाला. अग्नी बाहेर असतो, म्हणून अर्धा तास आधी पोचा, आणि फादरना आधी भेटून ‘पाहायला आलोय’ एवढं सांगितलंत तर शेजारी कुणीतरी पुस्तिका घेऊन बसेल, पानं दाखवत राहील.