विक्रेत्याच्या मार्क फाइलमधली ई-पुस्तकं कोहात चढवताना: छापील प्रती चिकटल्या, देवनागरी फुटली, विषय सगळे ‘सामान्य’

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. १,८०० ई-पुस्तकांचा संच घेतलाय. थोडी कायम मालकीची, बाकी वर्षाच्या वर्गणीवर. विषयांचा काही मेळ नाही. सोयाबीनवरची कीड, सिंचन, दख्खनी उर्दू, महानुभाव वाङ्मय, नर्सिंग, डेटा सायन्स, सगळं एकाच मार्क फाइलमध्ये (ग्रंथालयीन नोंदींचा प्रमाणित साचा, त्यात प्रत्येक माहितीला क्रमांकाचं क्षेत्र असतं). चाचणीसाठी ५० नोंदी कोहात, म्हणजे आमच्या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये, घेतल्या. त्यात ७ छापील पुस्तकांच्या नोंदी बदलून गेल्या आणि कपाटातल्या प्रती ई-पुस्तकाखाली दिसायला लागल्या. मराठी शीर्षकांच्या जागी चौकोन आणि भलतीच अक्षरं येताहेत. विषयशीर्षकं बघावीत तर जिकडेतिकडे ‘सामान्य’. उरलेल्या १,७५० घ्यायच्या आधी काय दुरुस्त करू? आणि ई-पुस्तकाला दाखल क्रमांक (नोंदवहीतला), बोधांक (कपाटातली जागा सांगणारा) द्यायचा का?

गोदाकाठ (नांदेड)

आधी झालेलं निस्तरा. स्टेज केलेल्या (आयातीआधी तात्पुरत्या चढवलेल्या) नोंदींच्या पानावर ती बॅच उघडून आयात रद्द करा. बदललेल्या ७ नोंदी जुन्या रूपात परत येतील. मधल्या वेळात त्यात कोणी हाताने काही सुधारलं असेल तर ते मात्र जाईल, म्हणून आजच करा.

कारण सोपं आहे. तुमचा जुळणी नियम (आलेली नोंद आधीच आहे का हे ओळखणारा) आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकाच्या प्रमाण क्रमांकावर, आहे आणि विक्रेत्याने ०२० क्षेत्रात छापील आणि ई, दोन्ही आयएसबीएन ‘ए’ उपक्षेत्रात टाकलेत. कोहाला वाटलं, पुस्तक तेच आहे. नोंद ई-पुस्तकाची असेल तर ई-आयएसबीएन ‘ए’मध्ये आणि छापील ‘झेड’मध्ये हवा. मार्कएडिट या नोंदी सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल फोडून ०२० ची सगळी ओळ एकदा नजरेखालून घाला. ‘क्यू’मध्ये ‘हार्डबॅक’, ‘पेपरबॅक’ लिहिलेलं असतं, त्यावरून शोधा-बदला चालतं. तेही नसेल तर पहिल्या आयातीत जुळणी नियमच लावू नका. दुसऱ्या खेपेपासून विक्रेत्याचा नियंत्रण क्रमांक (०३५, पुढे त्यांचं आद्याक्षर) धरून जुळवा, आयएसबीएन नाही.

अक्षरं फुटतात ती लीडरच्या (नोंदीच्या सुरुवातीच्या ओळीच्या) नवव्या स्थानामुळे. फाइल युनिकोडमध्ये असते, पण तिथे ‘ए’ऐवजी रिकामी जागा असली की ती मार्क-८ (जुनी अक्षरसंकेत पद्धत) समजून वाचली जाते, आणि मार्क-८ मध्ये देवनागरी नाहीच. मार्कएडिटमध्ये ते स्थान ‘ए’ करा आणि कोहात स्टेज करतानाही यूटीएफ-८ निवडा. एवढं करूनही प्रश्नचिन्हंच दिसली तर मजकूर विक्रेत्याकडेच गेलेला आहे. तिथे बदलून काही परत येत नाही, नवीन फाइल मागवा.

हात लागलाच आहे तर ००८ चं तेविसावं स्थान ‘ओ’ (ऑनलाइन) आहे का, ३३८ मध्ये ‘ऑनलाइन साधन’ आहे का, तेही बघा. पुष्कळदा छापील पुस्तकाचीच नोंद दुवा जोडून पाठवलेली असते.

दुधनाकाठ (जालना)

विषयांचं बोलतो, कारण खरा वेळ तिथेच द्यायला हवा. ते ‘सामान्य’ म्हणजे पुस्तकविक्रीच्या दुकानातली वर्गवारी आहे. ६५० या विषयाच्या क्षेत्राचा दुसरा दर्शक (क्षेत्र क्रमांकापुढची एका अंकाची खूण) ७ आणि ‘२’ उपक्षेत्रात ‘बिसॅक’ असं काही दिसेल. ज्या नोंदीत दुसरा दर्शक ० असलेलं लायब्ररी ऑफ काँग्रेसचं शीर्षक आहे, तिथून बिसॅक सरसकट काढून टाका. जिथे बिसॅकशिवाय काहीच नाही, त्या नोंदी वेगळ्या फाइलमध्ये काढा. हाताने विषय लावायचे ते फक्त यांनाच.

१,८०० ला हात लावू नका हो, पुरं व्हायचं नाही. आपल्या विभागांत शिकवले जाणारे विषय आणि मराठवाड्याशी संबंध असलेली पुस्तकं एवढंच घ्या. उदाहरण म्हणून तूर घ्या. इंग्रजी नोंदीत ती ‘पिजन पी’ असते. आपला विद्यार्थी देवनागरीत ‘तूर’ टाइप करतो आणि शून्य निकाल येतो. पुस्तक आहे, पैसे भरलेत, वाचक परत गेला! अशा नोंदीत ६५३ मध्ये ‘तूर’, ‘तूर पीक’ घाला. ६५३ ला प्रमाणित यादीचं बंधन नाही. दुष्काळावरच्या पुस्तकात प्रकरण मराठवाड्यावर असेल तर ६५१ मध्ये स्थळही द्या. महानुभाव ग्रंथांची शीर्षकं बहुधा रोमन लिपीत, वर-खाली टिंबं देऊन येतात. तिथे २४६ मध्ये (पर्यायी शीर्षकाचं क्षेत्र) देवनागरी शीर्षक लिहा. रीतसर जागा ८८० आहे, पण शोधात २४६ कमी कटकटीचं पडतं.

एक खोच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘शेतकऱ्यांच्या’ मधला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द. ग्रंथालयात एकच पद्धत ठरवा आणि मार्कएडिटने दुसरी बदलून घ्या. कोहात शोधासाठी झेब्रा वापरत असाल तर इंडेक्सिंग आयसीयूवर (युनिकोड हाताळणारी सोय) हवं. बदलल्यावर पूर्ण री-इंडेक्स करायला विसरू नका.

मांजराकाठ (लातूर)

०२० चं तंतोतंत तसंच निघालं, आभार सर. दाखल क्रमांकाचं राहिलं. आणि वर्गणी संपली की हजारभर नोंदी काढायच्या कशा?

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

कायम मालकीच्या पुस्तकांना दाखल क्रमांक द्या, पण नोंदवही स्वतंत्र ठेवा आणि क्रमांकाआधी ‘ई’ लावा. वर्गणीच्या पुस्तकांना अजिबात नको. दिलात की पुढच्या वर्षी तीच पुस्तकं ‘निर्लेखित’ (संग्रहातून रद्द) दाखवण्याची पाळी येते आणि लेखापरीक्षणात उत्तरं देत बसावं लागतं. नॅकच्या मूल्यांकनासाठी वर्गणीच्या ई-साधनांची माहिती वेगळी मागतात, ती करारावरून आणि बिलावरून द्यायची.

बोधांकाचं म्हणाल तर ०८२ मध्ये ड्यूई वर्गांक असू द्या, जसं सोयाबीन ६३३.३४, मराठी साहित्य ८९१.४६. विषयवार मोजणीला तो कामाला येतो. ग्रंथकर्ता चिन्ह मात्र लावत बसू नका, कपाटच नाही तर क्रम कशाचा? ९४२ ‘सी’मध्ये ई-पुस्तकाचा प्रकार द्या, ९५२ ची प्रत जोडू नका. ओपॅकवर (वाचकांसाठीची ऑनलाइन सूची) ‘छापील प्रत नाही’ अशा अर्थाची ओळ दिसेल, ती बरोबरच आहे.

काढण्याची सोय चढवतानाच करावी लागते. प्रत्येक नोंदीत एका स्थानिक क्षेत्रात (९१२ म्हणा) संच, वर्ष आणि ‘वर्गणी’ की ‘मालकी’ एवढं मार्कएडिटने घाला. ९४२, ९५२, ९९९ कोहाची आहेत, त्यांना हात नको. ९१२ आधी फ्रेमवर्कमध्ये (कोहातला नोंदीचा साचा) तयार करा. नाहीतर कोणी ती नोंद संपादनासाठी उघडून जतन केली की ते क्षेत्र गुपचूप उडतं आणि वर्षअखेरीस तीच नोंद मागे राहते. वर्गणी संपली की ९१२ वर रिपोर्ट चालवा, बिब्लिओनंबर (कोहातले नोंदींचे क्रमांक) काढा आणि ते बॅच डिलीटच्या साधनात टाका. त्याआधी फाइल निर्यात करून ठेवा, वर्गणी पुन्हा सुरू झाली तर ६५३ चे कष्ट वाया जात नाहीत.

गोदाकाठ (नांदेड)

दुव्यांचं राहिलं. ८५६ या दुव्याच्या क्षेत्राचे दर्शक ४ आणि ० हवेत. छापील नोंदीतून ई-आवृत्तीकडे दुवा देत असाल तर ४ आणि १. विक्रेत्याच्या फाइलमध्ये दुसऱ्याच संस्थेचा प्रॉक्सी पत्ता (बाहेरून लॉगिन करून आत नेणारा) कधी कधी तसाच राहून येतो, तो आधी शोधा. आपोआप दुवे तपासणाऱ्या साधनावर विसंबू नका. ‘प्रवेश नाही’ असं सांगणारं पानही त्याला व्यवस्थित उघडलेलंच वाटतं. दहा-बारा दुवे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर उघडा. लॉगिन विचारून थेट त्याच पुस्तकावर नेलं तर ठीक. प्रकाशकाच्या मुखपृष्ठावर नेऊन सोडलं तर प्रॉक्सीचा उपसर्ग चुकलाय.

एन-लिस्टमधली (महाविद्यालयांसाठीची ई-साधनांची राष्ट्रीय योजना) लाखो पुस्तकं मात्र ओपॅकमध्ये ओढू नका. तुमची वीस-पंचवीस हजार छापील पुस्तकं निकालात सापडायची नाहीत. ओपॅकच्या पहिल्या पानावर त्याचा एक दुवा पुरे.