इंट्रॉन कापूनच टाकला जातो, तर त्यातील बदलामुळे थॅलेसेमिया कसा होतो?

जिज्ञासू:
लग्नाआधीच्या रक्ततपासणीत माझे एचबीए2 (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) 5.2 टक्के, म्हणजे वाढलेले आले, म्हणून पुढे जनुकीय तपासणी करून घेतली. अहवालात ‘बीटा ग्लोबिन, आयव्हीएस 1-5, जीच्या जागी सी, एका प्रतीत’ असे लिहिले आहे. मी थॅलेसेमिया मायनर, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेली व्यक्ती असून जोडीदाराचीही तपासणी आवश्यक आहे, हे समुपदेशकांनी नीट समजावले. परंतु आयव्हीएस म्हणजे इंट्रॉन असे वाचल्यापासून एक शंका पाठ सोडत नाही. जो भाग कापून टाकला जातो, प्रथिनात उतरतच नाही, त्यातील एक अक्षर बदलल्याने हिमोग्लोबिन का कमी व्हावे?

रेणूवेध:
शंका रास्त आहे. शिंपी कापडावर खडूची खूण करतो, ती पुष्कळदा कातरणीबरोबर जाणाऱ्या पट्टीवरच असते. पट्टी टाकाऊ असली तरी खूण पुसली गेली की सदरा बिघडतो. येथेही कोठे कापायचे याची खूण बव्हंशी इंट्रॉनच्या आतच असते. बीटा ग्लोबिनचा पहिला इंट्रॉन 130 अक्षरांचा असून जनुकावरून उतरवलेल्या संदेशात, म्हणजे आरएनएमध्ये त्याची सुरुवात जी-यू-यू-जी-जी-यू अशी होते. स्प्लायसिंग, म्हणजे इंट्रॉन कापून उरलेले तुकडे जोडण्याचे काम करणाऱ्या यंत्रणेतील यू1 नावाचा छोटा आरएनए या अक्षरांशी जोड्या जुळवून जागा ओळखतो. पाचव्या जीची जोडी त्याच्यातील सीशी जमते. आपल्या बदललेल्या प्रतीत तेथे सीसमोर सी येतो आणि पकड सैल होते.

मग यंत्रणा आसपासच्या, एरवी दुर्लक्षित राहणाऱ्या तीन जागी कापू लागते. त्यांपैकी दोन आधीच्या एक्झॉनमध्ये (संदेशात कायम राहणाऱ्या भागात), मूळ जागेच्या 38 आणि 16 अक्षरे अलीकडे आहेत, तर तिसरी इंट्रॉनमध्ये 13 अक्षरे पलीकडे आहे. यांतील एकाही संख्येला तीनने भाग जात नाही, आणि सारी मेख तेथेच आहे, कारण प्रथिनाचा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. वाचन सरकते, अकाली ‘थांबा’ येतो आणि असे सदोष संदेश पेशी बहुधा नष्टच करते. थोडे कापणे योग्य जागीही होत राहते, म्हणून या बदलाची गणना बीटा शून्यमध्ये (बीटा ग्लोबिन मुळीच न बनणे) न होता बीटा प्लसमध्ये (ते कमी बनणे) होते. तथापि दोन्ही प्रतींत तो असल्यास आजार सहसा गंभीरच असतो. भारतात बीटा थॅलेसेमियाचा हाच बदल सर्वाधिक आढळतो, महाराष्ट्रातही.

पूर्वरंग:
एक पुरवणी जोडतो. बंगाल आणि ईशान्य भारतात आढळणाऱ्या हिमोग्लोबिन ईमध्ये बदल एक्झॉनमध्ये, 26व्या कोडॉनमध्ये (तीन अक्षरांच्या गटात) असतो आणि त्याने एक अमिनो आम्ल बदलते. गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. वर उल्लेखलेली 16 अक्षरे अलीकडची सुप्त जागा जी-यू-जी-ए-जी-जी अशी आहे. या बदलाने ती जी-यू-ए-ए-जी-जी होते, यू1शी अधिक चांगली जुळते आणि काही संदेश तेथे कापले जातात. त्यामुळे हे हिमोग्लोबिन वेगळे तर असतेच, शिवाय कमीही तयार होते. जोडीदाराच्या अहवालात हिमोग्लोबिन ई आढळल्यास ‘हा तर थॅलेसेमिया नव्हे’ म्हणून ते सोडून देऊ नये, कारण आपला बदल आणि ई एकत्र आल्यास अपत्याला आजार होऊ शकतो.

जिज्ञासू:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. एकाच जनुकातून निरनिराळे संदेश तयार होतात ते पर्यायी स्प्लायसिंग, असे वाचले होते; ते हेच का?

रेणूवेध:
यंत्रणा तीच, पण ते हे नव्हे. आपल्या बाबतीत खूण बिघडल्याने चूक होते. पर्यायी स्प्लायसिंगमध्ये पेशी स्वतः निवड करते. रोगप्रतिकार करणारी बी पेशी आयजीएम या प्रतिपिंडाच्या एकाच जनुकातून आधी आपल्या पटलाला चिकटून राहणारे प्रतिपिंड बनवते आणि पुढे प्रतिपिंडे स्रवणारी प्लाझ्मा पेशी होताना संदेशाचे शेपूट बदलून तेच प्रतिपिंड रक्तात सोडते. मला स्वतःला याहून मौजेचे वाटते ते स्प्लायसिंगचे नियमन करणाऱ्या एसआर प्रथिनांचे वागणे. ती फार साठली की आपल्याच संदेशात अकाली ‘थांबा’ असलेला एक्झॉन ठेवून घेतात, आणि तो संदेश नष्ट होऊन त्यांचे उत्पादन आपोआप घटते. ज्या वाटेने आपल्या बदललेल्या प्रतीचे संदेश वाया जातात, तीच वाट पेशी येथे मात्रा आवरण्यासाठी जाणूनबुजून वापरते.