'काळजीवाहू' की 'करणारी'? ठरावात काय लिहावं?

कपाशी : ग्रामसभेचा ठराव लिहिणं सुरू आहे. आशा, अंगणवाडी सेविका आणि घरी आजाऱ्याचं करणाऱ्या बाया, तिघींना पुरेल असा एक शब्द हवा. मसुद्यात 'काळजीवाहू' होतं, पण वाचणारे विचारतात, नवे सरपंच येईपर्यंतचे का? 'काळजीवाहक' चालेल?

वैनगंगा : 'काळजीवाहू' सरकारलाच चिकटलाय, आता सुटत नाही. आपल्याकडे विचारतात, "बुढीचं कोन करते?" या करण्यात सारं येतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, कंबर अन् टाचा लाल झाल्या का पाहायचं, ओली चादर काढून नवी ताणून घालायची. चुणी राहिली तर तिथंच कातडी सोलवटते अन् जखम होते. 'आजाऱ्याचं करणारी' लिहा, भाऊ.

शब्दनिष्ठ : कार्यालयात विचारतील, काय करणारी? कागदाला नाम लागतं. 'शुश्रूषा' हा नेमका शब्द आहे. मूळ 'श्रु', म्हणजे ऐकायची इच्छा. आजाऱ्याचं ऐकणं हेच त्या कामाचं मर्म.

सातपुडा : व्युत्पत्ती सुंदर, पण शुश्रूषा म्हटलं की दवाखान्यातली नर्सच दिसते. आशाताई बाळंतिणीच्या घरी जाते, ती दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. बाळाचं वजन, ताप, श्वास बघते. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं ही घरपोच पद्धत उभी केली, तिथं त्या बाईला 'आरोग्यदूत' म्हणतात. पण दूत निरोप्या असतो, ही तर बाळाला हातात घेते.

कपाशी : बरं. पुढची ओळ 'मानधन वाढवावे' अशी आहे.

वैनगंगा : 'मानधन' खोडा! संस्कृतात मानधन म्हणजे मान हेच ज्याचं धन. मानावर किराणा येत नाही. आशांना तर कामागणिक 'मोबदला' मिळतो, तो अरबीतला अदलाबदलीचा शब्द. सरळ 'वेतन' मागा.

शब्दनिष्ठ : शब्द बदलून दर्जा बदलत नाही, ताई. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका-मदतनिसांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू धरला, तो मानधनालाच वेतन मानून. कागदावर 'मानधन' असूनही हक्क मिळाला.

वैनगंगा : अन् त्यासाठी कोर्टात जावं लागलं! शब्द आधीच बरोबर असता तर ती पायपीट वाचली असती.

धुऱ्यावरून : एक शब्द शोधूच नका, ठराव तीन करा. एकत्र लिहिलेला ठराव या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. आशांचा आरोग्य विभागाकडे, अंगणवाडीचा महिला व बालविकासकडे. घरी करणाऱ्यांच्या भत्त्याचा दिव्यांग कल्याणकडे, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी असा भत्ता नमूद आहे. 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' ही अटही तिथंच आहे, म्हणून गावातल्या अशा घरांची यादी जोडा. सूचक, अनुमोदक लिहा, ठरावाची नक्कल मागून घ्या. महिला सभेत तो आधी मांडा. वेचणीच्या दिवसांत भर दुपारी सभा ठेवली तर बाया शेतात असतात, अन् जी आजाऱ्यापाशी बसली ती घरातून निघूच शकत नाही. तिच्या घरी त्या दोन तासांपुरतं कुणाला तरी बसवा. जिच्यासाठी ठराव, तिचा हात वर दिसला पाहिजे.

कपाशी : तिन्ही वेगळे करतो. तिसऱ्यात 'सांभाळणारी' लिहू?

सातपुडा : सांभाळ गुरांचाही करतात. मोठ्या माणसाला 'सांभाळते' म्हटलं की उपकार वाटतो.

शब्दनिष्ठ : गुरांचं काय कमी करावं लागतं? लेकरांनाही सांभाळतोच. त्यात उपकार कुठून आला?

वैनगंगा : मी अजून 'करणारी'वरच आहे.