अनुभव धागा: कुटुंबासाठी स्की रिसॉर्ट निवडताना तुम्ही काय पाहिलंत?

सगळ्या घराला घेऊन स्कीइंगला जायचं ठरलं की आधी डोळ्यांत भरतात ते उतारांच्या किलोमीटरचे आणि डोंगरावर वर नेणाऱ्या लिफ्टचे आकडे. माझ्या मते घरातला जो पहिल्यांदाच स्कीवर उभा राहणार आहे, त्याच्या सोयीने जागा ठरवावी. तुम्ही कशावरून ठरवलंत आणि तिथे गेल्यावर काय उपयोगी पडलं, ते सविस्तर लिहा.

* * *

आम्ही खोलीपासून उतारापर्यंतचं अंतर पाहिलं. स्कीचे बूट कडक प्लास्टिकचे, घोटा वाकत नाही, टाच टेकवत ठक ठक चालावं लागतं. धाकटी थोडं चालली की कडेवर येते, आणि मग तिची स्की, आपली स्की, काठ्या, सगळं आपल्याच खांद्यावर. म्हणून फ्रान्समधलं आव्होरियाझ घेतलं. गावात गाड्या नाहीत, सामान घोड्याच्या स्लेजवरून येतं, उतार इमारतींच्या मधूनच जातात आणि मुलांना शिकवायची जागा अगदी मध्यावर. दुपारी ती दमली की आम्ही दोघांपैकी एकजण तिला घेऊन खोलीवर, दुसरा मोठ्याबरोबर उतारावर. या एका सोयीसाठी मी पुन्हा तिथेच जाईन.

* * *

नकाशावरचे रंग नीट बघा. अमेरिकेत हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मधला, काळा हिरा अवघड. युरोपात निळा सोप्यात मोडतो, त्यावर लाल, मग काळा. जपानमध्ये हिरव्यानंतर एकदम लाल, पण तो मधलाच. शिवाय डोंगराच्या माथ्यापासून तळापर्यंत सलग सोपा उतार आहे का, हे मी आवर्जून पाहते. तो असला की नवशिके आणि मुरलेले एकाच लिफ्टने वर जातात, माथ्यावरून दिसणारा देखावा सगळ्यांच्या वाट्याला येतो.

* * *

सासूबाई बरोबर होत्या, त्यामुळे उंचीचा विचार आधी. कोलोरॅडोतलं ब्रेकनरिज हे गावच 2900 मीटरच्या वर आहे. तिथे मुक्काम करायचा तर उंचीचा त्रास गृहीत धरावा लागतो. आम्ही स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटला गेलो. गाव साधारण 1600 मीटरवर, आणि तिथून दातेरी रुळांवरची गाडी गोर्नरग्राटला 3089 मीटरपर्यंत जाते. सासूबाई स्कीला हात न लावता आमच्याबरोबर वर आल्या, समोर मॅटरहॉर्न शिखर बघत बसल्या.

* * *

गुलमर्गला मुलांना शिकवायचं असेल तर खालच्या कुरणालगतचे सौम्य उतार उत्तम. गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जातो, पण तिथून स्कीवर खाली येणं नवशिक्यांचं काम नाही.

* * *

शिकवणीत जागा आहे का ते आधी विचारा, हॉटेल नंतर. किती वर्षांच्या मुलांना घेतात, एका शिक्षकाकडे किती मुलं असतात, जेवणाच्या वेळी त्यांच्याकडे कोण बघतं, आणि लहानग्यांना वर न्यायला सरकता पट्टा आहे ना?