थंडीत साईटवर उंचीचं काम साडेनऊनंतरच सुरू करावं का?

साईटवरचा_नाशिक
आमच्याकडे हजेरी सकाळी आठला. डिसेंबर-जानेवारीत त्या वेळी परांचीच्या फळ्या आणि सेंटरिंगच्या (स्लॅबच्या साच्याच्या) लोखंडी प्लेटा दवाने ओल्या असतात, वर प्लेटांना लावलेलं ऑइल. गेल्या डिसेंबरात एक पोरगा प्लेट खांद्यावर घेऊन माझ्या डोळ्यांदेखत घसरला. नऊ-दहा फुटांवरून पडला, मनगट मोडलं. कमरेला बेल्ट होता, पण हूक अडकवलेला नव्हता. विचारलं तर म्हणाला, "साहेब, बोटं इतकी बधिर झाली होती की हूक उघडेचना." ते वाक्य अजून कानात आहे.

माझं म्हणणं एवढंच, की ऊन येऊन फळ्या सुकेपर्यंत कोणालाही वर चढवू नका. तोवर सळई कापा, वाकवा, रिंगा बांधा. हजेरी मात्र पूर्ण लावा.

ठेकेदार_२२
साहेब, मी बिगारीपासून वर आलोय, म्हणून बोलतो. सेंटरिंगची टोळी रोजावर नसते, फुटावर काम घेते, म्हणजे जितके चौरस फूट तितके पैसे. सळई त्यांचं काम नाही, ती फिटरची. दीड तास बसवलं तर पैसे त्यांचे बुडतात. मग ती भरपाई संध्याकाळी करतात. या दिवसांत सव्वासहाला अंधारायला लागतं. अंधारात परांचीवर माणूस ठेवण्यापेक्षा सकाळचं दव परवडलं. फळ्या गोणपाटाने पुसून घ्या आणि कामाला लागा.

साईटवरचा_नाशिक
फुटाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, बरोबर आहे तुमचं. पण फळी पुसल्याने बोटं गरम होत नाहीत ना दादा.

निफाडची_लेक
तुम्ही दोघंही सकाळचंच बोलताय. माझे बाबा बंगल्याच्या साईटवर वॉचमन होते. पत्र्याची खोली, फटींत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या कोंबलेल्या, आणि मधोमध घमेल्यात पेटवलेले कोळसे. आमच्या निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो, माणूस दुसरं करणार काय? एका पहाटे बाबा उठेचनात. शेजारच्या शेडमधल्या मावशींनी दार ढकललं, ओढत बाहेर आणलं म्हणून वाचले. कोंडलेल्या कोळशाच्या त्या वायूला ना वास ना रंग. झोपलेल्याला गुदमरल्याचं कळतच नाही.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने राहायची सोय मालकाने फुकट करायची असं ठरवलं. पण सोय म्हणजे चार पत्रे नव्हेत. खाली प्लायवूड, माणशी दोन ब्लँकेटं आणि शेकोटी बाहेर, एवढं तरी हवंच.

ठेकेदार_२२
ताई, घमेल्याचं शंभर टक्के मान्य, आज रात्रीच साईटवर जाऊन सांगतो. पण तो कायदा दहा माणसांपासून लागू झाला, माझ्याकडे सात आहेत. प्लायवूड-ब्लँकेटांचा खर्च बंगल्याचा मालक देत नाही, माझ्याच खिशातून जातो.

निफाडची_लेक
बाबांच्या साईटवर पाचच जण होते. दर ठरवतानाच ब्लँकेटांचे पैसे धरा आणि मालकाला तसं स्पष्ट सांगा.

आरसीसीवाला
एक धोका राहिलाच. स्लॅबखालचे टेकू काढायची घाई. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे दोन आधारांत साडेचार मीटरपर्यंत अंतर असलेल्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी आणि त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी काढता येतात. पण हे साध्या ओपीसी सिमेंटला, तेही हवा १५ अंशांखाली जात नसेल तर. आपल्याकडे सर्रास पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट वापरतात, ते मुळातच सावकाश ताकद धरतं. त्यात नाशिकच्या रात्री. मी थंडीत क्यूब (त्याच काँक्रीटचा नमुन्याचा ठोकळा) फोडून ताकद बघितल्याशिवाय टेकूला हात लावू देत नाही. खोलताना खाली माणसंच उभी असतात.

ठेकेदार_२२
प्लेटांचं भाडं दिवसाला चढतं, ते कोण भरणार? माझे स्लॅब सात दिवसांत खोललेत, एकही पडला नाही.

आरसीसीवाला
पडला नाही म्हणजे ताकद आली होती असं नाही, भाऊ. भाड्याचं मी मालकाशी बोलेन, पत्ता कळवा. फक्त या महिन्यातला स्लॅब थांबवा.

साईटवरचा_नाशिक
आज सेंटरिंगच्या मुकादमाला विचारलं, नऊपर्यंत खाली प्लेटा साफ करायच्या, त्याचे वेगळे पैसे, चालेल का? तयार झाला. म्हणाला, "पण आधी हातमोजे बदला. सुती मोजे दवाने भिजतात, मग नुसत्या हातापेक्षा जास्त गारठतात. पोरं काढून फेकतात." आतून कापड, बाहेरून रबर असलेले मोजे नाशकात कुठे मिळतात, कोणी सांगेल का? बारा जोड हवेत, सोमवारच्या आत.