घरच्या एस्प्रेसो मशीनच्या पोटात नेमकं काय काय असतं?

विश्रामबागेतली_कॉफी

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ पुण्याहून जर्मनीला गेला आणि जाताना त्याचं एस्प्रेसो मशीन सांगलीत आमच्या ओट्यावर ठेवून गेला. ना खोकं, ना माहितीपुस्तक. फोन केला तर "ताई, ग्रुप हेड धू, थर्मोब्लॉक तापू दे, बास्केट बदलून बघ" असलं भराभर बोलतो आणि म्हणतो, मीटिंग आहे, ठेवतो.

मशीन चालू होतं. इतकं घरघरतं की सासूबाई देवघरातून विचारतात, मिक्सर लावलास का गं? कॉफी म्हणून जे येतं ते काळं पाणी. आठ-दहा सेकंदांत कप भरतो, वर फेसाचा पत्ता नाही. पावडर भरते ते हँडल लगेच काढलं तर फस्सकन गाळ अंगावर. पिशवीत दोन जाळ्या निघाल्या. एकीच्या तळाला सगळीकडे बारीक भोकं, दुसरीच्या तळाला बाहेरून एकच टिंबाएवढं भोक. मी भरपूर भोकांची लावते, तीच खरी असणार असं वाटलं. पावडर दुकानातून दळून आणलेली, 70-30 चिकोरीची, म्हणजे 70 टक्के कॉफी आणि 30 टक्के चिकोरीच्या मुळाची पूड. पाणी बोअरचं. अंगावर 15 बार लिहिलंय, म्हणजे मशीन दणकट ना?

मला रेसिपी नकोय. आतला कुठला भाग काय करतो ते कुणी नीट सांगेल का?

मिरजकर_निवांत

पितळेचं फिल्टर आणा, रात्री पावडर भरून ठेवा, सकाळी डिकॉक्शन तयार. ना घरघर ना फस्स. मशीन परत पाठवा भावाला.

बॉयलरकाका_सातारा

मिरजकर, त्यांनी विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय!

ताई, मी साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमधून रिटायर झालो. 67 किलो प्रेशरच्या बॉयलरवर पाळ्या केल्यात. आता सूनबाईचं पोवई नाक्याजवळ छोटं कॅफे आहे, तिथल्या मशीनची पाना-पकड माझ्याकडे. तुमचं यंत्र आकारानं चिमुकलं, पण काम तेच. पाणी ढकला, तापवा, दाब धरा आणि वेळेला सोडा. 25 लिटरच्या आतलं भांडं बॉयलरच्या कायद्यात बसत नाही, त्यामुळे इन्स्पेक्टर दारात यायची भीती तेवढी नाही.

पाण्याच्या मागोमाग चला. मागच्या टाकीतून नळी निघते ती पंपात जाते. घरघर त्याचीच. यात गरगर फिरणारी मोटर नसते. तारेच्या कॉइलमध्ये एक लोखंडी दट्ट्या आणि त्याला स्प्रिंग, बस्स. आपली वीज 50 हर्ट्झची, मध्ये वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा डायोड, म्हणून दट्ट्या सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होतो. सासूबाईंना सांगा, आवाज निरोगी आहे. फक्त टाकी रिकामी असताना बटण दाबू नका. आतून जाणारं पाणीच त्या पंपाला थंड ठेवतं, कोरडा चालला की तापून जातो.

आता ते 15 बार. बार हे दाबाचं माप. पुढची वाट जवळपास बंद असताना पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो, त्याचा हा आकडा. कॉफीला लागतो 9 बारच्या आसपास. म्हणून बऱ्या मशीनमध्ये पंपाच्या पुढे दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो, ओपीव्ही म्हणतात त्याला, आणि जादा पाणी तो परत टाकीत पाठवतो. कारखान्यात नवा माणूस आला की मी पहिलं विचारायचो, सेफ्टी व्हॉल्व्ह कितीवर सेट आहे? बॉयलर केवढा मोठा हे नंतर. खोक्यावरचा 15 चा आकडा दुकानदाराच्या कामाचा, तुमच्या-माझ्या नाही.

पुढे तापवायची जागा. इथे दोन जाती. एक खरा बॉयलर, म्हणजे छोटं पितळी किंवा स्टीलचं भांडं, घरगुती मशीनमध्ये 100 ते 300 मिलीचं, आत किंवा बाहेर हीटर. दुसरा थर्मोब्लॉक. धातूच्या ठोकळ्यात वळणावळणाची अरुंद वाट असते आणि पाणी त्यातून जाता जाता तापतं. भाऊ थर्मोब्लॉक म्हणतोय म्हणजे तुमचं दुसरं. फायदा असा की मिनिट-दोन मिनिटांत तयार. तोटा असा की पाणी तापलं तरी पुढचा धातू गारच राहतो. कॉफीवर पाणी 90 ते 96 अंशांच्या मध्ये पडायला हवं, आणि गार हँडल त्यातले बरेच अंश खाऊन टाकतं. म्हणून पावडर न भरता, हँडल लावून एकदा नुसतं गरम पाणी सोडायचं. भाऊ "ग्रुप हेड धू" म्हणाला त्यात हेही आलं.

ग्रुप हेड म्हणजे हँडल जिथे अडकवता ती जागा. खालून बघा, भोकांची चकती दिसेल. ती शॉवर स्क्रीन, पाणी सगळीकडे सारखं पसरवते. तिच्याभोवती रबराची रिंग, ती गॅस्केट. कुकरच्या रिंगेसारखीच ती उष्णतेनं कडक होते आणि मग कडेनं पाणी गळायला लागतं. पूर्वी समोर येऊन घट्ट बसणारं हँडल आता उजवीकडे लांबपर्यंत फिरत असेल तर गॅस्केट संपली समजा. नवी घेताना हँडलचा व्यास मोजून घ्या. 51, 54 आणि 58 मिलिमीटर हे नेहमीचे, एकाचं दुसऱ्याला बसत नाही.

आता तुमची खरी गोम. त्या दोन जाळ्या, भाऊ बास्केट म्हणतो त्या. भरपूर भोकांची जी आहे ना, तिच्यात दाब जाळी तयार करत नाही, कॉफीची पावडर तयार करते. पावडर अगदी बारीक, एकसारखी दळलेली आणि नीट दाबलेली असेल तरच पाणी अडतं, नाहीतर सरळ खाली. दुकानात दळलेली पावडर फिल्टरसाठी असते, एस्प्रेसोच्या मानाने जाडच. मग आठ सेकंदांत कप भरणारच! दुसरी जाळी दुहेरी भिंतीची. आत भरपूर भोकं, बाहेर एक. पाणी त्या एका भोकापाशी तुंबतं, दाब तिथे होतो आणि बाहेर पडताना फेसही येतो. तो फेस जरा नाटकीच, पण बाजारच्या पावडरीवर हीच जाळी चालते. तुम्ही उलटी जोडी लावलीय.

साधी जाळी वापरायचीच असेल तर ग्राइंडर लागतो, आणि बरा ग्राइंडर मशीनएवढे पैसे मागतो. तेव्हाचं माप साधारण असं : 18 ग्रॅम पावडर, 36 ग्रॅमच्या आसपास कॉफी, 25 ते 30 सेकंद. लवकर आली तर दळण बारीक करा, थेंबथेंब आली तर जाड.

गाळ उडतो त्याचं कारण असं. पंप थांबला तरी हँडलमध्ये दाब कोंडलेला असतो. महाग मशीनमध्ये तिहेरी सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडझाप होणारा तीन वाटांचा व्हॉल्व्ह असतो, पंप थांबताक्षणी तो दाब खाली ड्रिप ट्रेमध्ये सोडून देतो. तुमच्यात तो दिसत नाही. मग अर्धा मिनिट थांबा आणि हँडल हळू फिरवा. दाब कोंडलेली वस्तू घाईनं उघडायची नसते, मग ती 67 किलोची असो नाहीतर दीड वाटीची.

आणि बोअरचं पाणी आजपासून बंद. थर्मोब्लॉकची वाट आधीच अरुंद, त्यात क्षाराचा थर बसला की पाणी कमी, उष्णता कमी आणि शेवटी मशीन भंगारात. कारखान्यात पाणी मऊ केल्याशिवाय आम्ही बॉयलरला दाखवतसुद्धा नव्हतो. आमच्याकडे कास तलावाचं पाणी येतं, किटलीला पांढरं बसत नाही. तुम्हाला कृष्णेचं नळाचं मिळत असेल तर ते फिल्टर करून घ्या. नुसतं आरओचं नको, त्यात थोडं नळाचं मिसळा. आत आधीच बसलेला थर काढायला किराणा दुकानातलं लिंबूसत्व, लिटरला 20-25 ग्रॅम. अर्धं पाणी सोडायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, उरलेलं सोडायचं, मग दोन टाक्या साध्या पाण्याच्या. व्हिनेगर नको, वास राहतो आणि रबराला बरं नाही.

विटा_वायरमन

काकांनी विजेचं सांगितलं नाही. मशीन 1400 वॅटचं धरलं तर 6 अँपिअरच्या वर जातं, 16 अँपिअरच्या पॉइंटलाच लावा, एक्स्टेंशन बोर्ड नको. आणि संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज 230 वरून 190 ला येतं तेव्हा तोच हीटर साडेनऊशे वॅटच्या आसपासच काम करतो. वॅट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात. पंपही मलूल. संध्याकाळची कॉफी बिघडली तर लगेच दळणाला दोष देऊ नका, आधी मीटर लावून बघा.

जुनं_ते_सोनं

विजेचा पंप नसलेली सोयही होती बरं का. मिलानच्या अकिले गाज्जिया यांचं 1948 सालचं मशीन दांड्याचं होतं. दांडा ओढून स्प्रिंग दाबायची, सोडली की स्प्रिंग पाण्याला ढकलते. कॉफीवर तो सोनेरी फेस यायला लागला तो तेव्हापासून. पुढे 1961 मध्ये फाएमा कंपनीचं ई61 मशीन आलं, तेव्हा दांड्याचं काम विजेच्या पंपानं घेतलं.

विश्रामबागेतली_कॉफी

काका, एका भोकाची जाळी लावली. पहिला कप झकास, वर जाड फेस, भावाला फोटो पाठवला. दुसऱ्या कपाला मात्र पंप नुसता कण्हतो आणि थेंबसुद्धा पडत नाही. आणि त्या बाजूच्या नळीनं दूध तापवलं तर साबणासारखे मोठे बुडबुडे. दूध म्हशीचं आहे, म्हणून का?

बॉयलरकाका_सातारा

दूध निर्दोष आहे हो! फ्रिजमधलं गार घ्या. नळी आधी मोकळी सोडा, सुरुवातीला वाफ कमी आणि पाणीच जास्त येतं. मग टोक पृष्ठभागाच्या जेमतेम खाली धरा, फस्-फस् आवाज चार-पाच सेकंद पुरे, नंतर आत बुडवून दूध गोल फिरू द्या. भांड्याला हात लावून ठेवा, सोसेना झालं की बंद, ते साधारण 60-65 अंश. नळी लगेच ओल्या फडक्यानं पुसा आणि परत एकदा वाफ सोडा, नाहीतर दूध आत चढून वाळतं. वाफेनंतर लगेच कॉफी काढू नका, ठोकळा फार तापलेला असतो. आधी नळीतून गरम पाणी सोडून त्याला खाली आणा.

थेंब पडत नाही ते चिकोरीमुळे. तिचा अर्क चिकट, एका भोकात लगेच अडकतो. जाळी गरम पाण्यात भिजवा, भोकात बारीक टाचणी घाला. पंप अडला असेल तर बटण दाबून बसू नका. दुकानदाराला बिनचिकोरीची, फिल्टरपेक्षा जरा बारीक दळून मागा, आणि एका वेळी आठवड्यापुरतीच आणा.

मिरजकर_निवांत

चिकोरीची उरलेली पावडर टाकू नका. पितळेचं फिल्टर मी देतो.